चपलांचा पट

दिवाळीत सगळी नातवंडं घरी जमली की सून विचारते, "आई, ताटं किती मांडू?" मी गुडघ्यांना शिव्या देत उठते, दारापर्यंत जाते, बाहेर पडलेल्या चपला-बूट मोजते, दोनाने भागते आणि आकडा सांगते. सून म्हणते, "अहो, पोरं समोरच्या खोलीत तर बसलीत. तिथेच मोजायचीत ना." मी म्हणते, "पोरं मोजू नयेत." तिला वाटतं, म्हातारीची अंधश्रद्धा. अंधश्रद्धा खरीच, पण माझी नव्हे. ती मी परकारभाईंकडून उसनी घेतली होती, परत करायची राहून गेली.

परकारभाई आखातातल्या आमच्या दोह्याच्या शाळेचे हेडक्लार्क. हेड एवढ्यासाठी, की त्यांच्या हाताखाली दुसरा क्लार्क नव्हता. शाळा म्हणजे अल मन्सूरातला एक भाड्याचा बंगला. हॉलमध्ये तिसरी आणि चौथी पाठीला पाठ लावून बसत, बेडरूममध्ये पहिली, आणि विज्ञान स्वयंपाकघरात, कारण नळ तिथेच होता. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. माझ्या नवऱ्याला तिथे ड्राफ्ट्समनची नोकरी लागली म्हणून मी गेले, आणि पंधरा दिवसांत या शाळेत मास्तरीण झाले. वय पंचवीस, बी.ए., बी.एड., आणि पुण्याची. या गोष्टी मी कोणी न विचारता सांगत असे. क्रम मात्र उलटा, पुणं आधी.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि बी.एड.ला शिकवल्याप्रमाणे बोट नाचवत मुलं मोजायला लागले. एक, दोन, तीन. दारात उभा असलेला एक उंच, वाळकुडा माणूस असा कळवळला की माझं बोट त्याच्याच डोळ्यात गेलं असावं.

"बाय, बोट खाली घे. पोरां मोजू नयेत. नजर लागते."

"मग हजेरी कशी घ्यायची?" मी पुणेरी आवाजात विचारलं.

"नाव घ्यावं. मोजायच्या त्या चपला. चपलांना नजर लागत नाय."

बंगल्याच्या दारात सगळ्या मुलांनी चपला काढायच्या, हा शाळेचा नियम. नियम वाळूसाठी होता, पण परकारभाईंनी तो आपल्या कामाला जुंपला होता. प्रार्थना झाली की ते दारात येत, छत्रीच्या टोकाने वाकड्यातिकड्या जोड्या ओळीत लावत आणि मनातल्या मनात आकडा धरत. हो, छत्री. दोह्यात रोज छत्री घेऊन फिरणारा हा एकच माणूस. मी एकदा खवचटपणे विचारलं, "परकारभाई, यंदा पाऊस कधी?" तर म्हणाले, "पडंल तेव्हा पडंल. छत्री घरी ठेवून माणूस दापोलीचा ऱ्हात नाय."

शाळेतलं प्रत्येक पोर त्यांना पायावरून ओळखू येई. "निळी पट्टी आज आली नाय. घरी ताप असंल," म्हणत आणि दुपारी खरंच त्या घरी जाऊन येत. माझ्या हजेरीच्या कॅटलॉगमध्ये मी चुकून हजर मांडलेलं पोर ते चपलेच्या पुराव्याने गैरहजर करवत. मला फार राग येई. एका बाजूला माझं बी.एड., दुसऱ्या बाजूला रबरी चप्पल, आणि दरवेळी चप्पल बरोबर!

गावाकडे ते तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून होते. शाळांचे पट तपासायला साहेबांबरोबर डोंगर चढत जायचं, हे काम. तिथल्या गोष्टी ते चहाच्या वेळी सांगत आणि स्वतः मुळीच हसत नसत. एका गावात म्हणे साहेबांनी एका शाळेत एक शेंबडा पोरगा पाहिला, पुढच्या गावच्या शाळेत तोच शेंबूड, तोच पोरगा. मास्तरांनी त्याला सायकलवर पुढे धाडला होता. "साहेब म्हणाले, परकार, हा पोरगा मघा बघितला. मी म्हटलं, साहेब, हुशार हाय, दोन शाळा शिकतो."

"मग तिथेही चपलाच मोजायचात?"

"तिथं चपला मोजल्या असत्या तर जिल्ह्यातल्या समद्या शाळा बंद पडल्या असत्या. तिथं खडे. आत जाताना पोराने दाराशी एक खडा ठेवायचा. हितली पोरां श्रीमंत."

आता मुख्य गोष्टीकडे येते. सरकार कुठल्याही देशाचं असो, शाळेला काय द्यायचं ते ठरवताना शाळेत काय शिकवतात हे विचारत नाही; किती डोकी आहेत ते विचारतं. आमच्यासारख्या पालकांनी चालवलेल्या शाळांना तिथल्या सरकारी कचेरीतून मदत मिळे आणि तिचे टप्पे होते. शंभर मुलं असली तर पाणी. सव्वाशे झाली तर पाणी आणि वीज. दीडशे झाली की पाणी, वीज आणि ड्रायव्हरसकट एक बस. डोकी वर्षभराची नव्हेत, तपासनीस येईल त्या दिवशी हजर असतील तेवढीच. वर्षभर इमानाने शिकून नेमका त्या दिवशी ज्याला गोवर आला, तो सरकारच्या लेखी जन्मलाच नाही.

आमच्या पटावर नावं होती एकशे चोपन्न. म्हणजे बस मिळायला हरकत नव्हती. पण त्यातल्या अकरा मुली अल वक्र्याच्या होत्या आणि त्या कधी शाळेत आल्याच नव्हत्या. वक्रा म्हणजे दोह्याच्या दक्षिणेचं मच्छीमारांचं गाव. तिथे रत्नागिरी-रायगडकडची काही कुटुंबं होती. बाप्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करत, गाड्या चालवत. त्यांचे मुलगे कुणाच्याही पिकअपच्या मागे लटकून शाळेत येत. मुलींना घरचे तसं पाठवत नसत. म्हणत, शाळेची बस येऊ दे, मग बघू.

बस यायला मुली हव्यात. मुली यायला बस हवी. हे कोडं आमच्या कमिटीचे अध्यक्ष रेगेसाहेब दर मीटिंगला नव्याने मांडत. रेगेसाहेब तेल कंपनीत इंजिनिअर. प्रत्येक वाक्याआधी ते "बेसिकली" म्हणत आणि त्यानंतर वाक्यात बेसिक असं काही उरत नसे.

परकारभाई मीटिंगमध्ये बोलत नसत. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते छत्री घेऊन वक्र्याला जात आणि एका पत्र्याच्या शेडखाली त्या अकरा मुलींना बेरीज-वजाबाकी शिकवत. बाकीचे दिवस त्यांच्या नावापुढे आपल्या बारीक अक्षरात "गैरहजर" लिहीत. अकरा नावं, रोज. मी म्हटलं, "एकदम रेघ मारा ना खाली." म्हणाले, "रेघ मारली की नाव मेलं, बाय."

यंदा बस मिळाली नाही तर त्या मुलींची नावं काढावी लागतील, असं कमिटीने ठरवलं. त्या जागी मन्सूरातली, पायी येणारी मुलं घ्यायची. थोरल्या दोघींची तर लग्नाची बोलणी गावाकडे सुरू झाली होती. परकारभाईंनी हे ऐकलं आणि छत्रीची मूठ फक्त एकदा उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

तपासणीचा दिवस कळला तेव्हा माझ्यातली पुणेरी सरस्वती जागी झाली. मी रेगेसाहेबांना योजना सांगितली. शेजारच्या बिल्डिंगांमधली दोन-तीन वर्षांची पोरं त्या दिवसापुरती आणायची, मागच्या बाकांवर बसवायची. दहाएक डोकी सहज वाढतील. रेगेसाहेब म्हणाले, "बेसिकली ब्रिलियंट!" मी आठवडाभर आरशात पाहून हसत होते.

परकारभाईंना सांगितलं तेव्हा ते विचारू लागले.

"ही पोरां उसनी हायत ना?"

"हो. एका दिवसापुरती."

"परत द्यायची हायत?"

"अर्थात!"

"मग मोजायची कशाला?"

मला वाटलं, बिचाऱ्याला व्यवहार कळत नाही.

त्यांनी आपलं वेगळंच केलं. वक्र्याच्या बापांना भेटून सांगितलं, एक दिवस, फक्त एक दिवस, माझ्या जबाबदारीवर पोरी द्या. पिकअपच्या मागे मी स्वतः बसतो. मग सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात जाऊन अकरा जोड रबरी सँडल आणले. सगळे निळे, मापं वेगवेगळी. आदल्या शुक्रवारी त्यांनी शेडखालच्या वाळूत काडीने अकरा पावलांच्या कडा आखून मापं घेतली होती.

तपासणीच्या सकाळी मी लवकर जाऊन माझी उसनी पोरं मांडली. नऊ मिळाली. आयांनी कडेवरून आणली आणि बाकांवर ठेवली. तिसरीच्या शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी बाटलीने दूध पीत होता. दुसरीतली एक विद्यार्थिनी बसल्या जागी झोपली होती आणि तिला दोन्हीकडून दोन दप्तरांचा टेकू दिला होता. हे दृश्य मला तेव्हा अतिशय शैक्षणिक वाटलं.

आमची नेहमीची चार मुलं आजारी होती. उसनी सोडून एकशे एकोणचाळीस हजर. परकारभाईंचा पत्ता नव्हता. तेवढ्यात तपासनीस आले. इजिप्तचे गृहस्थ, गोल, घामाघूम, अतिशय सभ्य. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. रेगेसाहेब त्यांना थंड सरबत पाजत वेळ काढत होते, तोच दारात पिकअप थांबली. मी खिडकीतून पाहिलं. मागच्या उघड्या हौद्यात अकरा मुली दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मधे परकारभाई, त्यांच्या डोक्यांवर छत्री धरून. त्या छत्रीला इतक्या वर्षांत छत्री म्हणून मिळालेलं हे पहिलं काम. वाटेत टायर बसला होता. सगळ्यांच्या अंगावर वाळू आणि माशांचा वास. ते घाईघाईने मुलींना आत घेऊन आले, चपला काढल्या आणि उस्तादांसमोर उभे राहिले.

उस्तादांनी खिशातून पेन काढलं, वर्गाकडे वळले आणि बोट उचललं.

परकारभाई कळवळले, अगदी तसेच. मदरशात शिकलेलं अरबी आणि बाजारातलं अरबी एकत्र करून त्यांनी काहीतरी सांगितलं, दाराकडे हात केला. उस्ताद थबकले. मग त्यांचा चेहरा एकदम फुलला. आम्हाला इंग्रजीत म्हणाले, "माझी आजीसुद्धा नातवंडं मोजू द्यायची नाही. गावी आम्ही भाकरी मोजायचो." आणि ते सरळ दाराशी गेले, उकिडवे बसले आणि चपला मोजायला लागले.

मी मागच्या बाकांकडे पाहिलं. माझे नऊही विद्यार्थी कडेवरून आले होते. एकाच्याही पायात काही नव्हतं.

शिक्षकांची पादत्राणं मागच्या दाराशी असत, त्यामुळे पुढच्या दाराशी फक्त मुलांच्या चपला. उस्ताद एकेक जोडी पुढे सरकवत होते, रेगेसाहेब त्यांच्या डोक्यावरून आकडे पुटपुटत होते. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एकोणपन्नास. दीडशे!

"माशाल्ला," उस्ताद म्हणाले आणि कागदावर टेकवायला पेन उचललं. रेगेसाहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

"उस्ताद," परकारभाई म्हणाले, "त्यातली एक जोडी माझी."

आणि पुढे होऊन छत्रीच्या टोकाने त्यांनी आपल्या झिजलेल्या चामडी चपला ओळीतून बाहेर ओढल्या. घाईत पुढच्याच दाराशी काढल्या होत्या.

एकशे एकोणपन्नास.

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आकडा लिहिला आणि सरबताबद्दल आभार मानून गेले. जाताना दूध पिणाऱ्या विद्यार्थ्याचा गालगुच्चा घ्यायला विसरले नाहीत.

त्यानंतर रेगेसाहेब जे बोलले त्यात "बेसिकली" एकदाही नव्हतं. "परकार, तुम्ही शाळेच्या बाजूचे की चपलांच्या?" मीही तोंडसुख घेतलं. म्हटलं, "अकरा मुलींचं वाटोळं केलंत. एक जोडी! गप्प बसला असतात तर कुणाचं काय जाणार होतं?" ते फळ्यापाशी जाऊन खडूचे तुकडे डबीत भरत राहिले. चेहरा मात्र असा झाला होता की मला माझंच शेवटचं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. पंचविशीत वाक्य परत घेता येत नाही.

मला एक गोष्ट मात्र सुचली नाही, बी.एड. असूनही. एकशे एकोणचाळीस आणि अकरा म्हणजे दीडशे. मग एक जोडी गेली कुठे? संतापात बेरीज करायला फुरसत कुणाला!

शाळा सुटली. वक्र्याच्या मुली पिकअपकडे जायला दाराशी चपला घालू लागल्या. सगळ्यांत धाकटी जैनब, सात वर्षांची, अनवाणीच बाजूला उभी राहिली. मग तिने दप्तर उघडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढला आणि त्यातून निळे सँडल.

परकारभाईंची छत्री हातातून पडली. हा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"सकाळी ह्या खय... कुठं होत्या गो?"

"पिशवीत."

"दाराशी का नाय काढल्या?"

जैनब घाबरली. "नवीन हायत ना, चाचा. कुणी नेल्या तर?"

शाळेत काढलेली चप्पल कुणी नेईल, हे तिला कुठून ठाऊक असणार होतं! ती शाळेत आली होती आयुष्यात पहिल्यांदा. परकारभाईंनी जमिनीवर बसून ती जोडी हातात घेतली. "बेटा, ही दोन दिवस माझ्यापाशी ठेव," म्हणाले आणि जैनबला उचलून पिकअपमध्ये बसवून आले.

दुसऱ्या दिवशी ते सरकारी कचेरीत जाऊन बसले. उस्ताद भेटले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी रेगेसाहेबांनी मला त्यांच्याबरोबर धाडलं, कारण इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवं. मी भाषण पाठ करून गेले होते. स्त्रीशिक्षण, भारताची परंपरा, वाळवंटातला ज्ञानदीप, सगळं होतं त्यात.

उस्तादांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. आमचा कागद अजून त्याच ढिगात होता, वर गेला नव्हता. परकारभाईंनी पिशवीतून सँडल काढून फायलींवर ठेवले आणि जैनबची हकिकत सांगितली. मी घसा साफ केला. उस्तादांनी मला हाताने थांबवलं.

"गोष्ट छान आहे," ते परकारभाईंना म्हणाले. "पण ही जोडी त्या दिवशी शाळेत होती, हे मी कशावरून मानू? सूकमध्ये अशा शंभर मिळतात."

परकारभाईंनी सँडल थोडे पुढे सरकवले. मग मोडक्या अरबीत म्हणाले, "उस्ताद, माझी जोडी मी काढली. ही घाला."

एवढंच. माझ्यासारखीला कळण्याइतकं सोपं अरबी.

उस्तादांनी सँडल उचलला, नाकापाशी नेला. त्याला अजून माशांचा वास येत होता. त्यांनी ढिगातून आमचा कागद काढला, आधीच्या आकड्यावर रेघ मारली, वर नवा लिहिला आणि शेजारी सही केली. मग चष्म्यावरून विचारलं, "आणि ते बाटलीवालं बाळ?"

"उसनं होतं, उस्ताद. परत दिलं."

उस्ताद इतके हसले की चहावाला डोकावून गेला. मी भिंतीवरचं कॅलेंडर फार बारकाईने पाहत होते.

बस यायला पुढे चार महिने लागले, कारण बसच्या मंजुरीचा कागद वेगळ्या खोलीत होता आणि त्या खोलीची किल्ली रजेवर. पण आली. ड्रायव्हर पहिल्या दिवशी वक्र्याहून परतला तेव्हा दारात परकारभाई उभे होते. अकरा निळ्या जोड्या त्यांनी स्वतः ओळीत लावल्या. कॅटलॉगमध्ये अकरा वेळा "हजर" लिहिताना त्यांचं अक्षर पहिल्यांदाच जरा मोठं आलं. पुढच्या वर्षी वक्र्याच्या मुली एकोणीस झाल्या. लग्नाची बोलणी चाललेल्या दोघींपैकी एकीला मात्र बस यायच्या आधीच गावी धाडलं होतं. तिच्या नावावर परकारभाईंनी रेघ मारली नाही. वर्ष संपेपर्यंत "गैरहजर" लिहीत राहिले. अकराव्या जोडीत त्या पहिल्या दिवशी तिची धाकटी बहीण आली होती, मोठे पडणारे सँडल फरफटत.

मी मात्र त्यांची माफी मागितली नाही. मनात पुष्कळदा मागितली. पुण्याची असल्यामुळे ती तोंडापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचेपर्यंत शहाऐंशी साल उजाडलं आणि परकारभाई नोकरी सोडून गावी निघाले.

निरोपाला कमिटीने त्यांना काळे चकचकीत बूट दिले. रेगेसाहेबांनी भाषणात सांगितलं की बेसिकली शाळेला बस मिळाली ती कमिटीच्या दूरदृष्टीमुळे. परकारभाईंनी मान हलवली, बुटांचा खोका काखेत मारला आणि छत्री घेतली. विमानतळावर सोडायला वक्र्याचीच बस होती. मुलींना घरी सोडायला निघालेली, जाता जाता त्यांनाही नेणार होती. आत मुली "चाचा, इथे! चाचा, कम हिअर!" असा गिल्ला करत होत्या. मी दाराशी उभी होते. माफीचं वाक्य तयार होतं.

ते बसच्या पायरीपाशी आले. आत मुली बसलेल्या पाहिल्या, आणि सवयीने पायांतल्या चपला काढून बाजूला नीट जोडीने ठेवल्या. मग अनवाणी वर चढले. ड्रायव्हर घाई करत म्हणाला, "यल्ला, चाचा!" दार लागलं. मी ओरडले, "परकारभाई, चपला!" त्यांना वाटलं, मी निरोप देतेय. खिडकीतून छत्री हलवली. बस धुरळा उडवत वळली.

खोक्यात बूट होते, त्यामुळे माणूस अनवाणी गावी पोचला नसेल. मी त्या झिजलेल्या चपला उचलल्या आणि शाळेच्या पुढच्या दाराशी, मुलांच्या ओळीच्या टोकाला नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी नवा क्लार्क आला. केरळचा, हुशार, तरुण. त्याला मी पहिल्याच तासाला बजावलं होतं की इथे मुलं मोजत नाहीत. तो दाराशी जाऊन मोजून आला आणि गोंधळून म्हणाला, "मॅडम, कॅटलॉगपेक्षा एक जोडी जास्त होतेय. वजा करू?"

मी म्हटलं, "नको. असू दे."